तृतीयपंथीयांना कायद्याचे संरक्षण

उरण तालुक्यातील मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे लाँच जातात. तिकीट काढलेल्या उतारूची जात वा धर्म विचारून त्याला जागा दिली जात नाही. हीच समान वागणूक तृतीयपंथी उतारूलाही मिळाली पाहिजे. ती कोणाच्या मर्जीची बाब नसून कायद्याने दिलेला हक्क आहे. हा हक्क प्रत्यक्षात उतरतो तो मात्र बंदरावर, शाळेत, दवाखान्यात आणि कचेरीच्या खिडकीपाशी.

संविधानाचा आधार

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर ऐतिहासिक निर्णय दिला. संविधानाच्या अनुच्छेद १५ व १६ मध्ये लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. या मनाईत लिंगभावावरून होणारा भेदभावही येतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर संसदेने तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ संमत केला व १० जानेवारी २०२० पासून तो अंमलात आला.

भादली बुद्रुकचा धडा

कायदा झाला तरी त्याची कसोटी लागते ती एखाद्या अर्जावर निर्णय देताना. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर उमेदवारी अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत या कारणास्तव निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने अर्ज ग्राह्य धरण्याचा आदेश दिला. आपण आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख स्वीकारली असून केवळ राखीव जागेच्या लाभासाठी ती बदलणार नाही, ही त्यांची भूमिका न्यायालयाने मान्य केली. १५ जानेवारीस मतदान झाले, आणि त्या निवडून आल्या.

त्यापूर्वी २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ येथील ग्रामस्थांनी ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवारास सरपंचपदी निवडून दिले होते. दोन्ही गावांतील मतदारांनी आपला कौल निःसंकोचपणे दिला. भादलीत अडथळा आला तो मतदारांचा नव्हे, तर कागद तपासण्याच्या टप्प्यावर. न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ प्रत्येकाकडे नसते. म्हणूनच अर्ज हाती घेणाऱ्या पहिल्या कर्मचाऱ्याची जबाबदारी मोठी आहे.

अधिनियमातील तरतुदी

शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा, निवास, प्रवास व सार्वजनिक सोयी यांबाबत भेदभाव करण्यास २०१९ च्या अधिनियमाने मनाई केली. प्रत्येक आस्थापनेने तक्रार निवारणासाठी एक अधिकारी नेमावा, असे त्यात सांगण्यात आले. तृतीयपंथी आहे एवढ्याच कारणावरून एखाद्या बालकास आईवडिलांपासून दूर करता येणार नाही, अशीही तरतूद करण्यात आली. तृतीयपंथी व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी मज्जाव करणे, घर वा गाव सोडण्यास भाग पाडणे आणि तिचा शारीरिक, शाब्दिक वा लैंगिक छळ करणे हे गुन्हे ठरविण्यात आले. त्यांसाठी सहा महिने ते दोन वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा मूळ अधिनियमात ठेवण्यात आली.

आपले कर्तव्य

ओळख प्रमाणपत्रासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा असतो. मोरा परिसर पोलीस कारभारापुरता नवी मुंबई आयुक्तालयाकडे असला, तरी महसुली दृष्ट्या तो रायगड जिल्ह्यात मोडतो. तेथील अर्जदारास अलिबागची वाट दाखविली, तर त्याचे हेलपाटे वाचतील. शिक्षकांनी वर्गातील चेष्टा वेळीच थांबवावी. शाळा सुटण्याचे मूळ पुष्कळदा तिच्यातच असते. गावातून कोणास हुसकावून लावण्याची भाषा सुरू झाली, तर तो गुन्हा असल्याचे पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत स्पष्टपणे सांगावे. प्रत्येक कार्यालयाने अधिनियमाची सुधारणांसह अद्ययावत प्रत जवळ ठेवावी व नकार देण्यापूर्वी ती उघडून पाहावी. भादलीच्या उमेदवाराला जे न्यायालयात मिळवावे लागले, ते पुढच्या अर्जदाराला खिडकीवरच मिळावे.