अंड्यांसाठी कोंबडीची निवड

वसई तालुक्याच्या पश्चिमेस समुद्रकाठी असलेल्या भुईगावासारख्या गावी घरामागे वाडी आणि वाडीच्या कडेला खुराडे हे दृश्य विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचे असते. तेव्हा कुक्कुटपालनाचा पाठ पुस्तकातील चित्रावरून आरंभ करण्याचे कारण नाही. सर्वांत अधिक अंडी कोणती कोंबडी देते, असे विचारल्यास वाचलेला विद्यार्थी ‘व्हाइट लेगहॉर्न’ असे उत्तर देईल. उत्तर बरोबर आहे. मात्र आपल्या घरी कोणती कोंबडी ठेवावी, हा प्रश्न निराळा असून त्याचे उत्तर घराघरांत बदलते. हा भेद ध्यानात न घेता पिले विकत आणणाऱ्या कुटुंबाचे पैसे बहुधा पहिल्याच वर्षी बुडतात.

इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या इंग्रजी नावावरून लेगहॉर्न हे नाव पडले. या जातीपासून निपजलेली पांढरी संकरित कोंबडी विसाव्या आठवड्याच्या सुमारास अंड्यावर येते आणि उत्तम व्यवस्थेत वर्षाकाठी २८० ते ३०० अंडी देते. येथे ‘उत्तम व्यवस्था’ या शब्दांवर शिक्षकांनी भर द्यावा. या कोंबडीस दररोज सुमारे ११० ग्रॅम समतोल खाद्य लागते व दिवसाचा उजेड दिव्याने वाढवून सोळा तासांपर्यंत न्यावा लागतो. मार्गशीर्षात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. शिवाय मोकळ्या वाडीत तिचा पांढरा रंग घारीच्या नजरेत लगेच भरतो.

गणिताच्या तासाला हेच आकडे घ्यावेत. ११० ग्रॅमप्रमाणे वर्षाला सुमारे ४० किलो खाद्य होते. २८० अंडी धरल्यास एका अंड्यामागे सुमारे १४३ ग्रॅम. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडीच देते, तीही आकाराने लहान. परंतु किडे, गवत, सांडलेले दाणे यांवर ती बहुतांशी आपले पोट आपण भरते. तिला रोज ३० ग्रॅम कणी टाकली, तर वर्षाला सुमारे ११ किलो होते. बाजारातील खाद्याचा, कणीचा व दोन्ही अंड्यांचा स्थानिक भाव मुलांनीच विचारून आणावा आणि हिशेब पुरा करावा. लेगहॉर्नला मूठभर कणीवर ठेवल्यास ती गावठी कोंबडीइतकीही अंडी देईल याचा भरवसा नाही.

या दोन टोकांच्या मधल्या जाती परसासाठी अधिक सोयीच्या आहेत. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रेड ही तांबूस रंगाची, काटक जात असून नीट निगा राखल्यास दोनशेच्या घरात अंडी देते. बंगळूरची ‘गिरिराज’ आणि हैदराबादेत विकसित झालेली ‘वनराज’ या जाती अंडी व मांस दोहोंसाठी आहेत. परसात वनराजची सुमारे १०० ते ११० अंडी मिळतात. हैदराबादचीच ‘ग्रामप्रिया’ अंड्यांच्या बाबतीत तिच्याहून सरस आहे. नाताळाच्या वेळी ज्या घरी कोंबड्यास मागणी असते, तेथे वजनदार नर उपयोगी पडतो. लेगहॉर्नचा नर त्या कामाचा नाही.

लेगहॉर्न व तिचे संकर सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून चार-दोन गावठी कोंबड्या जरूर राखाव्यात. एक कोंबडी दहा-बारा अंडी एकवीस दिवस उबवते. तथापि संकरित कोंबडीची अंडी घरी उबवून तेच गुण पुढे येतील, अशी आशा धरू नये. पुढच्या पिढीत कोणी चांगली, कोणी सुमार अशी निपज होते. दर खेपेस नवी पिले शासकीय अंडी उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून आणावीत.

समुद्रकाठचा एक लाभ मात्र पदरात पाडून घ्यावा. अंड्याच्या कवचास चुना लागतो आणि शिंपल्यांचा चुरा तो पुरवतो. किनाऱ्यावरून वेचलेल्या शिंपल्या गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, वाळवून कुटाव्यात; अधिक मीठ कोंबडीस बाधते. सुक्या मासळीचा कुटाही बेतानेच घालावा, नाहीतर अंड्यास वास येतो. पावसाळ्यात खुराड्यातील भुसा ओला राहिल्यास पिलांना रक्ती हगवण लागते. मानमोडीची लस पिलांना पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने द्यावी. २००६ साली नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. म्हणून एकाएकी अनेक कोंबड्या दगावल्यास मुलांनी त्यांना हात न लावता मोठ्यांस सांगावे, हे त्यांच्या मनावर ठसवावे.

जात निवडली तरी त्या जातीतील प्रत्येक कोंबडी सारखी नसते. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा लालभडक व मऊ, डोळे तेजस्वी आणि गुदद्वार रुंद, ओलसर असते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये दोन-तीन बोटे सहज मावतात. अंड्यावर नसलेल्या कोंबडीत एक बोटही कष्टाने शिरते. पिवळ्या कातडीच्या जातींत आणखी एक खूण दिसते. शरीरातील पिवळा रंग अंड्याच्या बलकात जात असल्याने गुदद्वार, डोळ्याची कड, चोच आणि शेवटी पाय या क्रमाने फिकट होत जातात. पाय फिके पडलेली कोंबडी कित्येक महिने अंडी देत आहे, असे समजावे. शाळेजवळच्या एखाद्या घरी, मालकाच्या संमतीने, निरोगी कोंबड्यांवर हे निरीक्षण मुलांकडून करून घ्यावे, प्रत्येकाने वहीत कोंबडीची खूण व आपला अंदाज लिहावा, आणि पुढील पंधरा दिवस मिळालेल्या अंड्यांशी तो ताडून पाहावा. कोंबडी हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्यावाचून कोणासही वर्गात घेऊ नये.