सुट्टीतील पहिले काम

दहावीची परीक्षा संपली की आपल्यापैकी अनेकांना घरखर्चाला हातभार लावावासा वाटतो. पण "अनुभव नाही, काम कोण देणार?" या विचाराने पाऊल अडते. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी वह्या-पुस्तकांच्या दुकानांत जादा माणसे लागतात. तेथे गर्दी नसताना जावे, मालकांना भेटून आपले शिक्षण व किती दिवस येऊ शकतो हे स्पष्ट सांगावे. वयाचा दाखला जवळ ठेवावा. पगार पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावा व रोजची हजेरी वहीत लिहावी.

कायदाही माहीत हवा. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांना दुकानात नोकरीस ठेवता येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याचे काम देता येत नाही. त्यांना सलग ३ तासांनंतर १ तास विश्रांती, विश्रांतीसह दिवसाला जास्तीत जास्त ६ तास काम आणि आठवड्याला एक सुट्टी मिळाली पाहिजे. सायंकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही.

पहिला पगार हाती आला की पुस्तके कोपऱ्यात जाण्याचा धोका असतो. म्हणून आमचे पालकांनाही सांगणे आहे की, त्या पैशातून आधी अकरावीची फी भरावी. काम सुट्टीपुरते, शिक्षण मात्र पुढे चालूच राहिले पाहिजे.