‘स्टँडर्ड्स’च्या चार ओळी

मॅन पेज लिहायला घेतलंस, छान झालं. आता एक ऐकून ठेव. ऑप्शन्सच्या वर्णनावर सगळेच घाम गाळतात आणि ‘स्टँडर्ड्स’चा भाग ‘पोसिक्सनुसार आहे’ एवढ्यावर उरकतात. तू तसं करू नकोस. कुठल्या सालचं पोसिक्स? पहिलं 1988 चं, पुढे 2001, 2008, अलीकडचं 2024 चं. यूस्लीपचंच बघ ना. 4.3 बीएसडीतलं हे फंक्शन 2001 च्या पोसिक्सने कालबाह्य ठरवलं आणि 2008 च्या आवृत्तीतून काढूनच टाकलं. नुसतं ‘पोसिक्स’ लिहिलंस तर वाचणारा आजही बिनधास्त ते वापरेल. साल दिसलं की नॅनोस्लीपकडे वळेल. लिनक्सच्या पानांत आता चालू प्रमाणं ‘स्टँडर्ड्स’खाली आणि जुनी ‘हिस्टरी’खाली जातात, ती शिस्त पाळ. बीएसडीकडे लिहिणार असशील तर प्रमाणाचं लांबलचक नाव हाताने टाइप करू नकोस, त्यासाठी एमडॉकमध्ये एसटी नावाचा मॅक्रो आहे.

खरी मेहनत पुढे आहे. कुठे जुळतं हे सांगणं सोपं. वाचणाऱ्याला हवं असतं ते कुठे जुळत नाही. ओपनबीएसडीच्या एलएसचं पान उघडून बघ: अमुक फ्लॅग प्रमाणात नाहीत, आमची भर आहे, असं तिथे सरळ लिहिलेलं असतं. स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर न्यायची असेल तर माणूस तेवढंच वाचतो.

आणि नियमात राहूनही दोन सिस्टिम वेगळ्या वागतात, ते तर आवर्जून लिही. सिलेक्टला आपण वेळमर्यादा देतो. लिनक्स परतताना त्या जागी उरलेला वेळ लिहून ठेवतं. इतर बहुतेक सिस्टिम तिला हात लावत नाहीत. पोसिक्सला दोन्ही चालतं. पण लूपमध्ये तीच रचना पुन्हा पुन्हा देणारा प्रोग्रॅम इतरत्र शहाण्यासारखा थांबतो आणि लिनक्सवर एकदा वेळ संपली की शून्य मर्यादेवर गरागरा फिरत प्रोसेसर खातो. चूक कुणाचीच नाही, म्हणून बग्सच्या यादीतही ती सापडणार नाही. ती नोंद तूच करायची.

लिहिण्याआधी चालवून बघ, दुसऱ्या पानावरून उतरवू नकोस. डीएफ चालव, आकडे बघ. मग पोसिक्सली_करेक्ट हे व्हेरिएबल लावून पुन्हा चालव. आकडे दुप्पट! डिस्क तीच, फक्त पोसिक्सला 512 बाइटचा ब्लॉक हवा आणि ग्नूला 1024 चा बरा वाटतो. (या व्हेरिएबलचं आधीचं नाव पोसिक्स_मी_हार्डर होतं. ग्नूच्या रिचर्ड स्टॉलमनला तो नियम किती पटला होता ते नावातच दिसतं. गंमत म्हणजे ‘पोसिक्स’ हे नावही त्यानेच सुचवलेलं.)

लिनक्सवर थ्री-पी विभागात पोसिक्सची स्वतःची पानं मिळतात. ती हाताशी ठेव, पण त्यात प्रमाण काय म्हणतं ते असतं, तुझी सिस्टिम काय करते ते नव्हे. नवखे इथे हमखास फसतात.

‘प्रमाणित’ हा शब्द जपून वापर. युनिक्स हा ओपन ग्रुपचा ट्रेडमार्क आहे. चाचण्या देऊन, पैसे भरून तो मिळतो. मॅकओएसने तो घेतलाय. फ्रीबीएसडीने किंवा डेबियनने घेतलेला नाही, त्यामुळे तिथे ‘अमुक आवृत्तीनुसार वागतं’ एवढंच लिही, मग वागणूक तंतोतंत का असेना.

आणि कधी प्रमाणाचं वाक्यच दोन्हीकडे वळतं. तेव्हा मनाने अर्थ लावून पानात घुसडू नकोस. पोसिक्सचा मजकूर सांभाळणारा ऑस्टिन ग्रुप कुणालाही खुला आहे, फी लागत नाही. कलमाचा क्रमांक दे, दोन सिस्टिमवरचं आउटपुट जोड आणि तिथे तक्रार नोंदव.