खाणीच्या ढिगाऱ्यांतील आम्ल : पारख व उपाय

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात उकणी, निलजई यांसारख्या दगडी कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. कोळसा काढण्यापूर्वी वरची माती व खडक काढून त्यांचे ढिगारे रचावे लागतात. पावसाळ्यात ढिगाऱ्यांवरचे पाणी नाल्यांत व शेतांत उतरते. म्हणून ढिगाऱ्यात कोणता खडक आहे, हे जाणणे शेतकऱ्याच्या हिताचे होय.

आम्ल कसे बनते? – कोळशालगतच्या काही खडकांत लोहमाक्षिक, म्हणजे लोह व गंधक यांचे पिवळसर, चकाकणारे खनिज असते. हवा व पाणी लागताच त्यापासून गंधकाम्ल तयार होते. खडकात चुनखडी असल्यास आम्ल तेथेच मारले जाते. परंतु ती संपली की आम्ल बाहेर पडू लागते. यास कित्येकदा काही वर्षे लागतात. म्हणून पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत पाणी चांगले आले, एवढ्यावरून ढिगारा निर्धोक समजू नये.

पारख – खडकातील गंधक व चुनखडी प्रयोगशाळेत मोजतात. लोहमाक्षिकातील गंधक १ टक्का असल्यास १ टन खडकाचे आम्ल मारण्यास सुमारे ३१ किलो शुद्ध चुनखडी लागते. खडकात तेवढी नसेल तर धोका संभवतो. तिप्पट असल्यास तो फार कमी. ही तपासणी खडक ढिगाऱ्यात जाण्यापूर्वीच व्हावयास हवी.

खाणीवरील उपाय – आम्लकारक खडक निराळा काढून ढिगाऱ्याच्या पोटात ठेवावा, त्यात चुनखडी मिसळावी आणि वर चिकणमातीचा थर दाबून बसवावा. बाहेरचे पाणी वळविण्यासाठी सभोवार चर खणावेत. वणीजवळ राजूर येथे चुनखडी मिळते, ही मोठीच सोय आहे.

गावाने काय करावे? – नाल्याच्या तळाशी तांबूस साका बसणे, मासे-बेडूक नाहीसे होणे, ही सावधगिरीची चिन्हे होत. साका दिसला म्हणजे आम्ल असेलच असे नाही आणि आम्लयुक्त पाणी नितळही दिसू शकते. यास्तव ग्रामकार्यकर्त्यांनी दरमहा कागदी पट्टीने पाण्याचा सामू तपासून तारखेसह नोंदवावा. तो ७ च्या आसपास असल्यास ठीक. ५ च्या खाली गेल्यास ते पाणी पिकांस व गुरांस देऊ नये. नमुना स्वच्छ बाटलीत भरून ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे.

काळ्या जमिनीत चुना असल्याने ती काही काळ आम्ल सोसते. परंतु तो साठाही अक्षय नाही. जमीन बिघडल्यावर सुधारण्यापेक्षा नाल्यावर वेळीच लक्ष ठेवणे अधिक स्वस्त पडते.