प्रश्नावलीची भाषा : कारागृहातील व्यसनतपासणी

अर्ज आणि अहवाल यांप्रमाणे प्रश्नावली हाही व्यावहारिक मराठीचा एक लेखनप्रकार आहे. मात्र तिच्यातील चुकलेला शब्द क्वचित माणसाच्या जिवावर बेततो. या घटकात तसे एक उदाहरण पाहू.

रोज दारू पिणाऱ्या एखाद्या माणसाला पालीत अटक झाली आणि न्यायालयीन कोठडी मिळाली, असे समजा. रायगडचे जिल्हा कारागृह अलिबागला, हिराकोट किल्ल्यात आहे. दाखल होताना वैद्यकीय तपासणीत त्याला विचारले जाते, 'तुला मद्यसेवनाचे व्यसन आहे काय?' तो 'नाही' म्हणतो. नोंद होते आणि विषय संपतो. दारू एकाएकी बंद झाली की काही तासांत हात थरथरू लागतात. पुढे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेले दिसू लागते. वेळेवर औषध मिळाले तर हे टळते, न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. बराकीत मात्र 'नाटक करतो' असाच समज होण्याचा संभव अधिक.

तो माणूस खोटे बोलला काय? तसे म्हणता येणार नाही. 'व्यसन' या शब्दाला संस्कृतात संकट, आपत्ती असाही अर्थ आहे. मराठीत तो दुर्गुणाकडे झुकला. त्यामुळे हा प्रश्न आजाराची चौकशी न राहता कबुली मागतो, आणि कोठडीत कबुलीला एकच अर्थ असतो. 'मद्यसेवन' हा शब्द तर कागदावरचा. बोलण्यात आपण 'तो घेतो' एवढेच म्हणतो. कर्म गाळले तरी अर्थ पोहोचतो. पालीतील एका संपर्कसत्रात हा प्रश्न मी फळ्यावर लिहिला, तेव्हा मागून आवाज आला, 'सर, ताडी धरायची का?' वर्ग हसला. शंका मात्र अचूक होती. शिवाय विचारणारा गणवेशात असेल आणि 'तू' म्हणत असेल, तर उत्तर आधीच ठरलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेची 'असिस्ट' ही आठ प्रश्नांची चाचणी वेगळी वाट धरते. ती एकेका पदार्थाचे नाव घेऊन गेल्या तीन महिन्यांत किती वेळा घेतला, असे विचारते. मराठीत तिला ताडी, देशी, हातभट्टी, गांजा, गर्द अशी नावे घ्यावी लागतील. कारागृहापुरता मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आणखी एक साधा प्रश्न : 'शेवटची कधी घेतलीत?'

निदानानंतर उपचार. गुंगीकारक औषधिद्रव्यांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमातील कलम ३९ नुसार, ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यसनाधीन व्यक्तीला तिच्या संमतीने उपचारासाठी पाठवण्याचा अधिकार न्यायालयास आहे. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये दाखल झालेल्यास 'रुग्णमित्र' म्हणतात. 'व्यसनी' आणि 'रुग्णमित्र' यांतील अंतर केवळ सौजन्याचे नाही. दुसऱ्या शब्दाने हाक मारलेला माणूस बोलू लागतो.

मराठीत व्यसनही सुटते आणि कैदीही सुटतो. प्रत्यक्षात दोन्ही एकदम घडतातच असे नाही. कारागृहात गर्द बंद राहिल्याने शरीराची सहनशक्ती घटते. बाहेर येऊन जुन्याच प्रमाणात घेतल्यास ती मात्रा प्राणघातक ठरते. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सर्वाधिक धोक्याचे. सुटकेच्या वेळी द्यावयाच्या सूचनापत्रात हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे.

स्वाध्याय : 'तुला मद्यसेवनाचे व्यसन आहे काय?' या वाक्याऐवजी आपल्या गावच्या बोलीत तीन प्रश्न तयार करा. सर्वनाम, क्रियापद आणि पदार्थांची नावे आपण कशी निवडली, ते प्रत्येकी दोन ओळींत लिहा.