तोंडातला चट्टा

काकू रोज सकाळी मिशरी लावीत. तंबाखू तव्यावर भाजायची, तिची काळी पूड करायची आणि बोटाने दातांना घासायची. आई लावीत असे, सासू लावीत असे. मग काकूही लावू लागल्या.

एक दिवस गालाच्या आत जिभेला खरखरीत लागले. आरशात पाहिले, तर पांढरा चट्टा! मधोमध लहानशी जखम. काकू म्हणाल्या, "दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टर कशाला?"

महिना गेला. जखम तशीच. भाजीचे तिखट झोंबू लागले. तेव्हा सुनेने हट्ट धरला, "आत्याबाई, उद्या दवाखान्यात जायचंच."

डॉक्टरांनी उजेड पाडून तोंड पाहिले. मानेला गाठ आहे का, तेही चाचपले. मग म्हणाले, "बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू."

काकू घाबरल्या. "तुकडा काढला की रोग पसरतो म्हणतात!"

"नाही, काकू. तसं होत नाही. तपासल्याशिवाय रोग कळायचा कसा? आणि रोग न कळता इलाज कसला करायचा?"

तपासणीत कर्करोग निघाला. पण तो लहान होता. मानेत पोचला नव्हता. शस्त्रक्रिया झाली. आज काकू भाकरी खातात, नातवंडांशी बोलतात. मिशरी मात्र कायमची सुटली.

कर्करोग म्हणजे काय?

आपले शरीर बारीक पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या होतात. कर्करोगात काही पेशी हा हिशेब मोडतात आणि तणासारख्या माजतात. आधी एका जागी, मग मानेच्या गाठींत, पुढे फुप्फुसापर्यंत. तण कोवळे असताना उपटणे सोपे. इथेही तसेच आहे.

असा रोग तोंडात, जिभेला, घशात, स्वरयंत्रात होतो. तंबाखू, मिशरी, गुटखा, विडी आणि दारू ही त्याची मोठी कारणे. नुसती सुपारीही निर्दोष नाही. तिच्यानेही कर्करोग होतो. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण आपण आपल्या तोंडावर बंदी घातली, तरच ती खरी.

या खुणा ओळखा

१. दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम.
२. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा.
३. तोंड पूर्वीसारखे न उघडणे.
४. तीन आठवडे बसलेला आवाज.
५. मानेला न जाणारी गाठ.
६. घास गिळताना अडकणे.

खूण दिसली म्हणजे कर्करोगच, असे नाही. पण दाखवलेच पाहिजे. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखत नाही. म्हणूनच तो माणसाला फसवतो.

इलाज तीन: शस्त्रक्रिया, किरणांचा उपचार आणि औषधे. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ सालापासून हेच काम करीत आहे. आधी मात्र जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. ते पुढची वाट सांगतील.

हा रोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. रोग्याला दूर बसवू नका.

प्रश्न

१. काकूंचा महिना का वाया गेला?
२. तुकडा का तपासतात?
३. आज घरी आरशात तोंड पाहा. गाल, जीभ, हिरड्या. काय दिसले, ते पाटीवर लिहा.