हिशोबाची वही आणि रेल्वेचा रूळ

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी लिहिताना हात जरा अडखळतो. सांभाळून घ्या. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण त्याची सुरुवात लातूरला आमच्या घरापासून होते.

एप्रिल 2016. मी पाचवीत होते. नळ कोरडे, टँकरपुढे घागरींच्या रांगा, आणि आईला एकच काळजी, उद्याचं काय? 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू इंजिनिअर नसून चार्टर्ड अकाउंटंट आहेत, हे मला इथे विष्णुपुरीला आल्यावर कळलं. मग प्रश्न पडला, हिशोब तपासणारा माणूस वीज आणि रेल्वे कशी चालवतो?

प्रभूंचा जन्म 1953 चा, मुंबईचा, घराणं कोकणातलं. सारस्वत बँकेचे ते अध्यक्ष होते. 1996 मध्ये शिवसेनेतर्फे राजापूरहून लोकसभेवर गेले आणि 2000 मध्ये वाजपेयी सरकारात ऊर्जामंत्री झाले.

त्या वेळी राज्यांची वीज मंडळं कर्जात बुडालेली होती. केंद्रीय कंपन्यांची थकबाकीच सुमारे 41 हजार कोटींची. आपण म्हणू, नवीन वीज केंद्र बांधा! हिशोबनीस आधी विचारतो, तयार झालेली वीज जाते कुठे? सोपं उदाहरण घेऊ. 100 युनिट पाठवले, बिल झालं 70 चं, आणि बिलाच्या रकमेपैकी वसूल झाले 90 टक्के. म्हणजे पैसे आले फक्त 63 युनिटचे. तोटा 37 टक्के. यात तारांमधली गळती आहे, चोरी आहे आणि थकबाकीही आहे. ही गळती मोजायची तर मीटर हवेत. वीज सुधारणांमध्ये मीटरवर भर होता तो यासाठीच. प्रभूंच्या काळात 2001 मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि वीज विधेयक संसदेत आलं. ऑगस्ट 2002 मध्ये पक्षाच्या आदेशावरून त्यांनी मंत्रिपद सोडलं. विधेयकाचा कायदा झाला 2003 मध्ये. त्याच कायद्यामुळे 2005 मध्ये आपल्या वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या.

नोव्हेंबर 2014 मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. फेब्रुवारी 2015 च्या रेल्वे बजेटमध्ये त्यांनी एकही नवीन गाडी जाहीर केली नाही. बरेच जण नाराज झाले. पण आहे त्याच रुळांवर गाड्या मावत नव्हत्या. आधी रूळ वाढवायचे, मग गाड्या, असा तो हिशोब होता. रेल्वेच्या हिशोबाची पद्धतही बदलायला त्यांनी सुरुवात केली. रोख आली, रोख गेली एवढंच लिहिलं तर पूल दरवर्षी किती जुना होतो ते वहीत दिसत नाही. नव्या पद्धतीत ती झीजसुद्धा मांडावी लागते.

पण सगळं गोड नाही. 2016-17 मध्ये 100 रुपये कमवायला रेल्वेला साडेशहाण्णव रुपये खर्च आला. आदल्या वर्षी तोच साडेनव्वद होता. नोव्हेंबर 2016 मध्ये कानपूरजवळ पुखरायांला गाडी घसरून सुमारे दीडशे माणसं गेली. ऑगस्ट 2017 मध्ये आणखी दोन अपघात झाले. प्रभूंनी नैतिक जबाबदारी घेतली आणि सप्टेंबरमध्ये त्यांचं खातं बदललं. रुळाची चीर वहीत दिसत नाही. ती बघायला रुळावर चालणारा गँगमन आणि त्याचं ऐकणारा इंजिनिअरच लागतो.

लातूरच्या पाण्याचंही पुढे सुमारे 4 कोटींचं बिल निघालं. जिल्हाधिकाऱ्यांनीच ते मागवलं होतं, तरी लोक चिडले. मलाही लहानपणी राग आला होता. आज वाटतं, तो आकडा माहीत असायलाच हवा. तहानलेल्याला पाणी द्यायचंच. पण ते साडेतीनशे किलोमीटरवरून आणायला काय लागतं हे कळलं, तर आपण आपल्या विहिरी आणि तलाव आधी जपू.

म्हणून सांगते, हिशोब हा कॉमर्सवाल्यांचा विषय म्हणून सोडू नका. प्रोजेक्टच्या ड्रॉइंगशेजारी खर्चाचं एक पान ठेवा. आणि खर्चाचं पान भरताना एकदा साईटवरही जाऊन या.